दशम्या

17 नोव्हेंबर, ओसाका (रात्री)

आज हिरोशिमा. पहाटे उठून दशम्या केल्या. "आई, स्टेशनवर सगळं मिळतं गं," लेक म्हणाली. मिळत असेल. पण डब्याशिवाय प्रवासाला निघायचं म्हणजे मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

बुलेट ट्रेनने दीड तास, पुढे ट्राम. उतरलो तोच समोर तो घुमट. एका चेक वास्तुविशारदाने बांधलेली 1915 ची प्रदर्शनाची इमारत. बॉम्ब जवळजवळ डोक्यावरच, जमिनीपासून 600 मीटरवर फुटला. राहिल्या त्या विटा आणि लोखंडी सांगाडा. फोटोत पाहून केवढा मोठा असेल असं वाटलं होतं, तसा नाही.

संग्रहालयात मी अडकले ती एका डब्यापाशी. शाळकरी मुलाचा, धातूचा. आतल्या अन्नाचा कोळसा झालेला, झाकण वाकडं. 6 ऑगस्टला सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला, म्हणजे मधली सुट्टी व्हायचीच होती. मुलाचा मृतदेह आईला डब्यासकट सापडला. मी बावीस वर्षं डबे भरले. पुढच्या दालनांत काय होतं ते मला धड आठवत नाही.

बाहेर बागेत स्मारकाची कमान आहे, घोड्याच्या खोगिरासारखी. तिच्यातून पलीकडची ज्योत आणि घुमट एका रेषेत दिसतात. खाली दगडावर जपानीत एक ओळ. लेकीने वाचून दाखवली: शांतपणे विसावा, चूक पुन्हा करणार नाही. "कोण करणार नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, तेच तर लिहिलेलं नाही, जपानीत कर्ता गाळला तरी चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातले आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल 1952 मध्ये इथे आले होते, त्यांनाही हेच खटकलं. बॉम्ब टाकला तो जपान्यांनी नव्हे, मग ही चूक कुणाची? हिरोशिमाचं उत्तर असं की कर्ता म्हणजे सगळी मानवजात.

मला ते पटता पटेना. आमच्या सोसायटीत टाकी भरून वाहते तेव्हा जबाबदारी 'सगळ्यांची' असते आणि बटण बंद करायला कुणी उठत नाही. आपल्या मराठीत तर 'कप फुटला' म्हटलं की झालं, फोडणारा सुटला.

पण मग मे 1998 आठवला. पोखरणची बातमी आली आणि अर्धा किलो पेढे मीच आणले, जिन्यात उभी राहून वाटले. तेव्हा पाकिस्तानातल्या कुठल्या मुलाचा डबा माझ्या मनात आला नव्हता, हे खरं. आणि आज विचारलंत तर चाचणी करायला नको होती, असंही मला छातीठोक म्हणता येत नाही. 2017 च्या अण्वस्त्रबंदी करारावर भारताची सही नाही. जपानचीही नाही, इतकं सगळं सोसून.

ती ज्योत 1964 पासून जळतेय. जगातलं शेवटचं अण्वस्त्र गेलं की विझवायची, असं ठरलंय. आज सुमारे 12 हजार आहेत. लेकीने विचारलं, "विझेल असं वाटतं?" मी म्हटलं, माझ्या हयातीत नाही, तुझ्याही नाही. ती काही बोलली नाही. शेजारी शाळेची पोरं कागदी बगळ्यांच्या माळा घेऊन रांगेत उभी होती, टोप्या पिवळ्या.

दोन वाजून गेले होते. नदीकाठच्या बाकावर बसलो. डबा उघडायला माझा हात होईना, शेवटी तिनेच उघडला. दशम्या मऊ राहिल्या होत्या. शेंगदाण्याच्या चटणीत मीठ मात्र कमी.