झेड ड्राइव्हची रात्रपाळी

रोज रात्री अकराला अकाउंटच्या मशीनवरच्या फायली सर्व्हरवरच्या पासवर्डवाल्या फोल्डरात टाकायच्या, एवढंच काम. एक बॅच फाइल (ओळीने हुकूम चालवणारी छोटी स्क्रिप्ट) लिहिली, त्यात नेट यूज या कमांडने तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडला, खाली कॉपीची ओळ, डबल क्लिक केलं, गेल्या फायली, ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरला लावून मी निवांत घरी. सकाळी अकाउंटवाले काका दारातच उभे, "अहो, कालचं काहीच आलं नाही." त्यांच्यासमोर परत डबल क्लिक केलं तर गेलं की सगळं! काकांनी असं बघितलं जणू रात्री मीच वायर उपटून जातो.

दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला. झेड ड्राइव्ह मशीनचा नसतोच, ज्याने लॉगिन केलं त्याचा असतो. मी टास्क लावला होता सिस्टिम या विंडोजच्या स्वतःच्या युजरच्या नावाने, त्या बिचाऱ्याला माझा झेड दिसणार कुठून.

मग झेडचा नाद सोडला, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला आणि युजर-पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिला (हो माहितीये, लिहू नये). तर एरर १३२६, पासवर्ड चुकीचा. अरे हाताने टाकला की चालतोय ना! पासवर्डात टक्क्याचं चिन्ह होतं आणि बॅच फाइल एकटा टक्का गिळते, तो दोनदा लिहायचा असतो. लिहिला. तर एरर १२१९, म्हणजे एकाच सर्व्हरकडे एकाच वेळी दोन नावांनी यायचं नाही, कारण दिवसा टेस्ट करताना मी स्वतःच्या नावाने आधीच आत शिरलेलो. यावर गंमत अशी की सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी (आकड्यांचा पत्ता) टाकला तर विंडोजला तो दुसराच सर्व्हर वाटतो आणि मुकाट जाऊ देतो. घर तेच, माणूस तोच, पत्ता तेवढा वेगळा सांगायचा!

शेवटी शहाण्यासारखं या कामापुरतं वेगळं युजर अकाउंट काढलं, त्याला त्या फोल्डरचे राइट्स दिले, टास्क त्याच्या नावावर केला आणि स्क्रिप्टमधून पासवर्ड उडवला. कॉपीसाठी विंडोजचीच रोबोकॉपी ही कमांड घेतली, पण तिला आवरावं लागतं, काही सांगितलं नाही तर अडलेल्या एका फायलीसाठी ३० सेकंद थांबून थांबून १० लाख वेळा प्रयत्न करते, हिशोब केला तर ३४७ दिवस होतात. मी प्रयत्न ३ वर आणले.

दुसऱ्या दिवशी शेड्युलरात रिझल्ट १ बघून पोटात गोळाच आला (एरवी ० म्हणजे ठीक), पण रोबोकॉपीत १ म्हणजे फायली पोचल्या. काकांना हे सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पेनड्राइव्ह मात्र अजून खिशात ठेवूनच येतात.