नोंद १४ : एमए-१ तेरा अंकांवर आपटलं

गेल्या नोंदीत ज्या एमए-१ वर (अमेरिकी वैमानिकांच्या जुन्या नायलॉन जॅकेटवर) मी उड्या मारल्या होत्या, ते गेलं. अगदी कचरा निघालं असतं तरी परवडलं असतं. हे धड खरंही नाही आणि धड नकलीही नाही, आणि त्यापायी माझे दोन रविवार गेले.

फोटो पाहिलेल्यांना आठवत असेल. बाहेरून सेज ग्रीन, आतून नारिंगी अस्तर, डाव्या बाहीवर पेनचा खिसा, आतल्या खिशात लेबल. लेबलवर एमआयएल-जे-८२७९ हा लष्करी मानकाचा नंबर आणि खाली कराराचा, डीएसए १००-६९-सी. डीएसए म्हणजे तिकडची लष्करी पुरवठा संस्था, ६९ म्हणजे कराराचं वर्ष. मी लगेच १९६९ जाहीर करून मोकळा झालो. (काटेकोर बोलायचं तर अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष तेव्हा जुलैत सुरू व्हायचं, त्यामुळे ६९ चा करार १९६८ च्या पावसाळ्यातलाही असू शकतो. हे ज्ञान मी तीन जणांना पाजलं. त्याच लेबलची पुढची ओळ मात्र नीट वाचली नाही.)

रविवारी ओझरचे काका आले. स्टोअर्समधून निवृत्त, सगळं आयुष्य सुट्या भागांचे नंबर वाचण्यात गेलेलं. जॅकेटांचं त्यांना काडीचं कौतुक नाही. माझं सीडब्ल्यूयू-४५ (एमए-१ नंतरचं वैमानिकांचं जॅकेट) आणि हे एमए-१ मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर चढवून लेबलं वाचत बसले. बोटांवर काहीतरी मोजलं.

"ह्या दोघांत किती वर्षांचं अंतर म्हणालास?"

म्हटलं, "बारा. सीडब्ल्यूयूवर डीएलए आहे, ८१ चं."

"मग स्टॉक नंबर दोन्हीकडे तेरा अंकी कसा रे? बारा वर्षांत कुणी पद्धत बदलली नाही?"

चहा घशातच राहिला. बदलली होती ना! स्टॉक नंबर म्हणजे सरकारी मालाचा ओळख क्रमांक. त्याच्या सुरुवातीचा ८४१५ हा विशेष कपड्यांचा वर्ग आपल्या सगळ्यांना तोंडपाठ, पण त्यापुढचे आकडे मोजतंय कोण. जुना फेडरल स्टॉक नंबर अकरा अंकी, ४-३-४ असा तोडलेला. ३० सप्टेंबर १९७४ पासून नॅशनल स्टॉक नंबर आला, तो तेरा अंकी. वर्गानंतर देशाचे दोन आकडे घुसले, अमेरिकेसाठी ००. माझ्या ६९ च्या लेबलवर ८४१५ नंतर ठसठशीत ००. म्हणजे लेबलाला पाच वर्षं आधीच साक्षात्कार झालेला. करारात ७५ किंवा ७६ असतं तर खपूनही गेलं असतं, कारण डीएसएचं नाव बदलून डीएलए झालं ते १९७७ मध्ये.

लेबल खोटं, हे पाच मिनिटांत मिटलं. पण जॅकेटचं काय? जुन्या जॅकेटचं लेबल फाटलं आणि कुणीतरी हौसेनं नवं शिवलं, असंही होतंच की. खोटं सांगत नाही, मला तसंच व्हायला हवं होतं.

म्हणून खिसा उलटा केला. लेबलभोवती सुयांच्या छिद्रांची आणखी एक चौकट दिसली, आत्ताच्या लेबलापेक्षा अर्धा इंच मोठी. नायलॉनला पडलेलं भोक सहसा बुजत नाही, त्यामुळे आधी इथे दुसरं काहीतरी होतं हे नक्की. मग नाशिकच्या मेन रोडवर नोटा तपासायला मिळतो तो जांभळा टॉर्च काढला आणि खोलीत अंधार केला. लेबलाचा पांढरा दोरा निळा पेटला. अंगाच्या शिवणी मात्र गप्प. झालं, मी नाचलो! नवं लेबल, जुनं अंग.

इथे जरा थांबून बोलतो, कारण या टॉर्चवर आपल्यात फार श्रद्धा आहे. तो चकाकी आणणारी रसायनं दाखवतो, वय दाखवत नाही. हल्लीच्या साबणातही तीच असतात, त्यामुळे अस्सल जुनं जॅकेटसुद्धा कुणी घरी धुतलं असेल तर चमकेल. आणि गडद रंगवलेला नायलॉनचा दोरा कालचा असला तरी अंधारात गप्प बसू शकतो. माझ्या नाचण्यात हे कुठेच नव्हतं.

मग जाळून पाहणं. रनरच्या टोकाशी चेनच्या पट्टीचा एक दोरा सुटला होता, तो चिमट्यात धरून पेटवला. कागदासारखा वास, भुरभुरीत राख. सुती. आतला भर चिमूटभर काढला, तो वितळून काळा मणी झाला. पॉलिएस्टर. यातून सिद्ध काय झालं? काही नाही. दोन्ही गोष्टी दोन्ही बाजूंनी लावता येतात. फक्त घरभर वास झाला आणि मला गॅलरीत हाकललं गेलं.

गॅलरीत, संध्याकाळी, टॉर्च अजून हातातच होता. सहज आतल्या बाजूच्या शिवणीवरून फिरवला, तर डाव्या काखेखाली वीतभर अंतरावर एक बारीक निळी रेघ. शिवणीत अडकलेला पांढऱ्या फितीचा तुकडा, कात्रीनं अगदी मुळाशी कापलेला. भिंग लावलं. त्यावर छापील अक्षरांचे तळ उरले होते: आर, एन आणि एका आकड्याचं पोट.

आरएन! अमेरिकेत नागरी बाजारात कपडे विकणाऱ्यांना तिथलं व्यापार आयोग देतं तो नंबर. लष्कराच्या खिशात तो कशाला येईल? आणि कपडा कसा धुवायचा हे सांगणारी कायमची फीत तिकडे सक्तीची झाली १९७२ मध्ये. म्हणजे माझं जॅकेट सरळसरळ दुकानातलं. १९५९ मध्ये नॉक्सव्हिलला सुरू झालेल्या अल्फासारख्या कंपन्या लष्करालाही शिवायच्या आणि पुढे तेच बाजारातही विकायच्या, म्हणून कापड-चेन बघून फसायला होतं. कुणीतरी फीत छाटली, खिशातलं मूळ लेबल उसवलं आणि ६९ चं चिकटवलं. ज्याच्याकडून घेतलं तो म्हणतो, "गाठोड्यातून जसं आलं तसं दिलं." साडेसहा हजार.

परत करायचं ठरवलं होतं. लेबल उसवायला ब्लेडही काढलं. पण आता वाटतं, असू दे तसंच. इतका स्वच्छ पुरावा पुन्हा हाती लागणार नाही. फक्त खिशात चिठ्ठी ठेवतो, म्हणजे माझ्यानंतर कुणी १९६९ म्हणून विकायला नको.

बाकी खबर थोडक्यात. सीडब्ल्यूयूची चेन शालिमारजवळच्या बॅगवाल्यानं मूळ रनर ठेवून वीस मिनिटांत बसवली. नाहीतर मोठ्या दुकानात अख्खी चेन बदलूनच टाकतात, त्यांच्या दारात जाऊ नका. माझ्या ए-२ च्या (चामड्याच्या जॅकेटच्या) कॉलरवर यंदाही श्रावणात बुरशी आली. ते बझ रिक्सन्सचं, म्हणजे उघड-उघड जपानी पुनर्निर्मिती, त्यामुळे निदान मनस्ताप तरी नाही.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं म्हणून मी साठवलेले विक्रीचे फोटो उघडले. १९७४ आधीचा करार सांगणारी सात लेबलं. आकडे मोजले. दोन तेरा अंकी आहेत, आणि त्यातलं एक मी पुढच्या महिन्यात घेणार होतो.

घरून सल्ला आला, "खोटं आहे ना, मग आता थंडीत घाल की." निफाडचा पारा बघता तेच होणार आहे. काकांना मात्र चटक लागली. काल फोन, "अजून लेबलं आहेत का रे?" बुधवारच्या बाजारात घेऊन जातोय त्यांना, भिंगासकट.