आठवी-नववीचा नाच राहू द्या

यंदाच्या गॅदरिंगमधून आठवी आणि नववीचे नाच काढून टाकावेत, असा विषय आमच्या शाळेत निघाला आहे. पाचवी ते सातवीचे नाच राहतील, दहावीचा निरोप समारंभ वेगळा होतोच, तेव्हा मधल्या दोन वर्गांनी समूहगीत आणि एखाद्या नाटुकल्यावर भागवावं. जी कारणं सांगितली गेली ती खोटी नाहीत. तास बुडतात. गाण्यांवरून पालकांच्या तक्रारी येतात. ड्रेसचं भाडं सगळ्यांना झेपत नाही. आणि कुणीतरी प्रेक्षकांतून काढलेला व्हिडिओ रात्रीतून इन्स्टावर जातो. एक सहकारी असंही म्हणाले की पोरं रोज रील्समध्ये नाचतातच, मग शाळेने वेगळं कशाला नाचवायचं?

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, आणि गॅदरिंगचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मला हा विचार अजिबात पटलेला नाही. काढायचाच असेल तर दुसऱ्या कुठल्याही वर्गाचा नाच काढा, ह्या दोन वर्गांचा नको.

सातवीपर्यंत मधल्या सुट्टीत एकत्र खोखो खेळणारी मुलं-मुली आठवीच्या जूनमध्ये वर्गात येतात ती जणू एकमेकांना ओळखतच नाहीत. मुलाचा आवाज फुटलेला असतो, म्हणून तो प्रकट वाचनाला उभाच राहत नाही. मुलगी एका उन्हाळ्यात हातभर उंच होते आणि खांदे पाडून चालायला लागते. ह्या वयात शरीराबद्दल मोठ्यांच्या तोंडून जे काही ऐकू येतं ती सूचनाच असते. नीट बस. हळू हस. ओढणी सावर. केस काप. हे मीही दिवसभर म्हणत असते, वर्गात ते म्हणावं लागतं. पण वर्षात एकदा तरी शाळेने ह्याच मुलांना म्हणावं की या, मधोमध उभे राहा, हात वर करा, सगळ्यांना दिसू द्या. ते काम आमच्याकडे गॅदरिंगचा नाच करतो. दुसरं काहीच करत नाही.

रील्सचं म्हणाल तर मी मुलांच्या रील्स पाहते, त्या चांगल्या असतात. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणल्या. आताची माझी मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. म्हणजे फोनसमोर नाचणं त्यांना लहानपणापासून येतं. पण तिथे खोलीचं दार लावलेलं असतं, चुकलं की पुन्हा काढता येतं, आवडलं नाही तर पुसता येतं, आणि मग किती जणांनी पाहिलं ह्याचा आकडा रात्रभर उघडून बघायचा असतो. स्टेजवर शेजारी खराखुरा माणूस असतो, घामेजलेला, घाबरलेला. पाऊल चुकलं तर त्याच्या पायांकडे बघून पुन्हा लयीत यावं लागतं, आणि तो चुकला तर आपण जरा ठाशीव पाऊल टाकून त्याला सांभाळून घ्यायचं असतं. तेरा-चौदाव्या वर्षी हे जमणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

आमच्याकडे गॅदरिंगची तारीख सारंगखेड्याची यात्रा आटोपल्याशिवाय ठरत नाही. दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो, निम्मा वर्ग तिकडे असतो. काही मुलं तर दिवाळीनंतरच आईवडिलांबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेलेली असतात. म्हणून सराव जानेवारीत. आणि सराव शाळा सुटल्यावर ठेवता येत नाही, कारण मुलींची मानव विकास योजनेची निळी बस निघून गेली की पाड्यापर्यंत चालत जावं लागतं. तेव्हा शेवटचे दोन तास, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचे, एवढीच जागा.

ह्याच दोन तासांत मला नववीतला एक मुलगा पहिल्यांदा नीट दिसला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, पावरा समाजाचा. घरी पावरी बोलतो. माझ्या तासाला त्याने वर्षभरात स्वतःहून तोंड उघडलेलं मला आठवत नाही, आणि मराठीच्या पेपरात तो जेमतेम पास होत असे. त्या वर्षी गाणं ठरेना. कुणाला गरबा हवा होता, कुणाला सिनेमातलं. तो मागून म्हणाला, "मॅडम, आमचा होळीचा बसवू?" वर्ग हसला. मी म्हटलं, दाखव.

त्याने मुलांची एक रांग केली, मुलींची समोर दुसरी. प्रत्येकाने शेजारच्याच्या पाठीमागून हात घालून पुढच्याचा हात धरायचा. ढोलाच्या ठोक्यावर पुढे, मग मागे, आणि रांग एखाद्या कमानीसारखी वळत जाते. बघायला सोपं. करायला गेलं की कळतं, एकाचंही पाऊल मागे राहिलं तर सगळी रांग अडखळते. गावातल्या मोठ्या घरांतली मुलं, ज्यांच्या पपईच्या बागेत ह्याचे आईवडील मजुरीला जातात, ती त्याच्याकडून पावलं शिकत होती. तो त्यांना दरडावत होता. "ए, खाली नको बघू." हात धरताना सुरुवातीला दोघातिघांनी कां-कूं केली, ते मी पाहिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते राहिलं नाही. मी समतेचे धडे शिकवते, प्रश्नोत्तरं लिहून घेते, पण हात हातात आला तो तिथे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधून 'बुध्या'चं सोंग घेतलेली माणसं रात्रभर नाचतात, आणि त्यात बाप असतो, मुलगा असतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातही ढोल घेऊन गावंच्या गावं उतरतात. तिथे नाच येतो का असं कुणी कुणाला विचारत नाही. आपल्या शाळांनी मात्र नाचाची परीक्षा करून टाकली आहे. गॅदरिंगवर माझा खरा राग आहे तो ह्यासाठी. शहरातून कोरिओग्राफर आणायचा, त्याने वर्गातली दहा-बारा "चांगली" मुलं निवडायची, त्यात गोरी आणि सडपातळ पुढे, बाकीच्यांनी खुर्च्या मांडायच्या. ड्रेस भाड्याने. असा नाच बंद झाला तर मला वाईट वाटणार नाही.

आठवीत एक मुलगी होती, वर्गात सगळ्यांत उंच. सरावाच्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, माले मांगे उभी करा." मागे केली. पण पुढे तिला मोजायला लावलं, एक-दोन-तीन-चार, कारण तिचा ताल पक्का होता आणि बाकीच्या घाई करत होत्या. मोजता मोजता ती आपोआप रांगेच्या टोकाला आली, जिथून सगळ्यांना दिसेल. कार्यक्रमाच्या रात्री तिची आई कापसाच्या वेचणीवरून आली होती, पदराला अजून काटक्या. नंतर मला शोधत आली आणि म्हणाली, "मन्ही पोर इतली उंच व्हयी गयी? घरमा ते वाकीसन चालस."

मुलं-मुली एकाच गाण्यात नकोत, असं सांगायला गेल्या वर्षी एक वडील आले होते. मी म्हटलं, भाऊ, उद्या सरावाला येऊन बसा. ते आले, बाकावर बसले, काही न बोलता गेले. मुलगी नाचली. त्यांची काळजी मला समजते. जोड्या लावून चिडवणं होतं, नाचानंतर चार दिवस जास्तच होतं. पण ते व्हॉट्सॲपवर बारा महिने चालू असतं आणि तिथे आम्ही कुणीच नसतो. सरावात मी समोर असते, जिथल्या तिथे थांबवता येतं. माझी काळजी वेगळीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झालेलं आढळलं. माझ्या वर्गातल्या काही मुलींना ह्यानंतर सगळ्यांसमोर नाचायला मिळेल ते स्वतःच्या हळदीत, आणि ती हळद त्यांनी मागितलेली नसेल.

पुढच्या आठवड्यात बैठक आहे. मी नाच राहू द्या एवढंच म्हणणार नाही, तो कसा असावा तेही सांगणार आहे. निवड नको, वर्गातलं ज्याला यायचं त्याने यावं, चाळीस तर चाळीस, दोन रांगा मागे वाढवू. ज्याला नाचायचं नाही त्याने ढोल घ्यावा, पडदा ओढावा, मोजावं. ड्रेस म्हणजे गणवेश आणि घरून आणलेला एक रंगीत रुमाल किंवा ओढणी. गाणी मुलांनी तीन सुचवावीत, त्यातलं एक आम्ही ठरवू, आणि अहिराणी, पावरी, भिली गाणं आलं तर त्याला पहिला मान. कोरिओग्राफरचे पैसे वाचतील त्यातून चांगले दोन ढोल घेता येतील. स्टेजसमोर फोन बंद, ते दारातच सांगायचं आणि पाहुण्यांनाही सांगायचं. व्हिडिओ शाळेने एकच काढावा आणि तो पालकसभेत दाखवावा, कुठेही टाकू नये. नववीचे वर्गशिक्षक माझ्या बाजूने आहेत. शारीरिक शिक्षणाचे सर अजून विचार करताहेत, त्यांना उद्या भेटते.