फाटक उघडल्यावर होणारी कोंडी

मी रेल्वेत गेटमन आहे. दुहेरी लाइन, सिग्नलशी जोडलेलं इंटरलॉक फाटक आणि वर्दळीचा रस्ता. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. दुपारी डाऊन मालगाडी गेली आणि तिच्या पाठोपाठ अप पॅसेंजर, त्यामुळे मधे फाटक उघडायला सवडच मिळाली नाही. रांग वाढत गेली.

रांग लांब असली तरी ती डाव्या बाजूला असेल तर सुटते. पण मागून एक जीप आली आणि उजवीकडून थेट दांडीपर्यंत येऊन उभी राहिली. तिच्यामागे रिक्षा, टेम्पो. रुळांपलीकडेही तोच प्रकार. फाटक उघडलं तेव्हा दोन्हीकडून पूर्ण रस्ता अडवून वाहनं समोरासमोर ठाकलेली. त्यातच उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह पुढे सरकला आणि मधेच थांबला. मागची ट्रॉली बरोब्बर अप लाइनवर.

तेवढ्यात स्टेशन मास्तरांचा फोन. "अप एक्स्प्रेस सुटली. गेट घ्या." म्हणजे फाटक बंद करा.

"घेता येत नाही साहेब. ट्रॉली लाइनवर आहे. सिग्नल लालच ठेवलाय."

माझ्या फाटकाची रचनाच अशी आहे, की दांड्या पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय चावी सुटत नाही आणि चावीशिवाय सिग्नल उतरत नाही, म्हणजे गाडीला पुढे यायचा सिग्नल मिळत नाही. सिग्नल दिल्यावर मग ती चावी गाडी जाईपर्यंत अडकूनच राहते. "गाडी दिसत नाही, एक मिनिट उघडा की" असं लोक म्हणतात, त्यांना मी हेच सांगतो. 110 च्या वेगाने येणारी एक्स्प्रेस मिनिटाला पावणेदोन किलोमीटरच्या वर कापते आणि ब्रेक लावल्यावरही थांबायला तिला साधारण किलोमीटरभर लागतं. गाडी दिसल्यावर फाटक बंद करायला गेलं तर फार उशीर झालेला असतो.

मात्र लाल सिग्नलपाशी गाडी थांबली म्हणजे तिथेच राहील असं नाही. 'जी' अक्षराची पाटी असलेला गेटचा सिग्नल लाल असेल, तर लोको पायलटने शिटी देऊन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग सावकाश फाटकापर्यंत यायचं, असा नियम आहे. म्हणून मी लाल झेंडा घेऊन रुळांत उभा राहिलो आणि तिथूनच ओरडून वाहनं मागे घ्यायला सांगत होतो. जीपवाला म्हणाला, "मागं जागा कुठंय?" खरंच नव्हती. कोंडी शेपटाकडून सोडवावी लागते आणि शेपटाकडच्याला पुढे काय झालंय याची कल्पनाच नसते.

रांगेतल्या एसटीच्या वाहक ताई उतरल्या. "तुम्ही गाडी बघा दादा, मागचं मी बघते," म्हणाल्या. शिटी फुंकत रांगेच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तिथून एकेक रिक्षा, एकेक टेम्पो मागे घ्यायला लावला. इकडे इंजिन शिटी देत हळूहळू आलं आणि झेंडा बघून थांबलं. डब्यांच्या दारांत माणसं गोळा झाली. अखेर जीप मागे हटली, ट्रॅक्टरने धूर सोडला आणि ट्रॉली निघाली.

तरी फाटक लगेच घेता आलं नाही. ट्रॉलीतली उसाची कांडकी चेक रेलच्या, म्हणजे फाटकात मुख्य रुळालगत बसवलेल्या जोडरुळाच्या, खाचेत पडून वाहनांखाली चेपली होती. ज्या खाचेतून चाकाची कड जाते, तीच बुजली होती. सळईने उकरून ती साफ केली, मग दांड्या पाडल्या, कुलूप लावलं आणि हिरवा झेंडा दाखवला.

गाडी फाटकातून जायला मिनिटभरच लागलं. तिच्यामागची कोंडी मात्र संध्याकाळपर्यंत सुटत राहिली.

बंद फाटक उघडणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या 160 व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत. ते हवंच. पण माझ्या फाटकावर लोकांचा वेळ खातं ते उजवीकडून पुढे घुसणं, आणि ते रोजचं आहे. दिवसभरातल्या गाड्या आणि वाहनं यांचा गुणाकार, ज्याला आम्ही टीव्हीयू म्हणतो, तो 1 लाखाच्या वर गेला की उड्डाणपुलाचा विचार होतो. पूल व्हायला वर्षं जातात. तोवर फाटकाच्या दोन्ही बाजूंना शंभरेक मीटर दुभाजक घातला, तरी समोरची बाजू मोकळी राहील आणि रुळांवर कुणी अडकणार नाही. रजिस्टरात त्या दिवशीची नोंद केली, तिच्याखाली मी दुभाजकाची मागणीही लिहिली आहे. साहेब पाहणीला आले की तेच पान आधी दाखवतो.