थंडी, गोधडी आणि रोजचं वाचन

दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले की नाशिकला खरी थंडी पडायला लागते आणि माझं वाचनाचं वर्ष पण खरं तिथूनच सुरू होतं. थंडीत पहाटे उठवत नाही असं सगळे म्हणतात पण मला तर हेच दिवस आवडतात, पंखा बंद असतो, रस्त्यावर गाड्या नसतात, गवती चहा घातलेला चहा आणि पायावर गोधडी, एवढं असलं की तासभर कसा जातो कळत नाही.

सवय लागली ती एका साध्या गोष्टीमुळे. रात्री झोपताना पुस्तक आणि चष्मा टेबलावर काढून ठेवायचा आणि मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. सकाळी आधी पुस्तक, मग मोबाईल. बाकी किती पानं, किती वेळ असला काही हिशोब मी ठेवत नाही, दोन पानं झाली तरी तो दिवस झाला.

आणि एकाच विषयाला चिकटून राहायचं नाही हे मला दिवाळी अंकांनी शिकवलं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली, आणि अजूनही एकाच अंकात कथा, कविता, प्रवास, शेती, व्यंगचित्रं सगळं शेजारी शेजारी असतं. आपण एका लेखासाठी अंक उघडतो आणि भलत्याच लेखात गुंततो, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून रविवारी सावानात, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयात गेले (१८४० सालचं आहे ते!) की एक पुस्तक माझ्या आवडीचं घेते आणि एक अशा कपाटातलं जिकडे मी एरवी फिरकतही नाही.

त्याच्या जोडीला रोज मराठी विश्वकोशातली एक नोंद. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं हे काम, पहिला खंड १९७६ चा, आज सगळं नेटवर फुकट वाचता येतं आणि तरी किती कमी लोक उघडतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाचलेलं कुठे कसं जोडलं जाईल सांगता येत नाही. सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ ला, पण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो आपल्याकडे जानेवारीच्या मध्यावर, हे मी असंच एकदा वाचलं आणि संक्रांतीलासुद्धा सकाळी दिवा का लावावा लागतो ते कळलं. मग तिथून हवामानाकडे वळले. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते, ढग असले तर ती अडते, म्हणून चांदण्या स्वच्छ दिसतात त्या रात्री थंडी जास्त. माझा मावसभाऊ निफाडला द्राक्षं करतो, तो अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे ठिबक सुरू करतो, लहानपणापासून बघत आले होते पण का ते कधी विचारलंच नव्हतं. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं ना, म्हणून. थंडी फार उतरली तर मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, आणि वर्षभराची मेहनत जाते.

यावेळी त्याच्याकडे गेले तेव्हा दोघं बांधावर बसून कितीतरी वेळ यावरच बोललो. तो म्हणाला, ताई, भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांवर मराठीत नीट समजावून सांगणारं काही मिळालं तर बघ. या रविवारी सावानात आधी शेतीचं कपाट बघायचंय.