चोविसाव्या हिश्श्याची बीटल

प्लॅस्टिक किटमधून गाडी बांधायला बसलो की निप्पर आणि कटरच्या आधी माझ्या टेबलावर डिजिटल व्हर्नियर आणि कॅल्क्युलेटर येतात. 'किती अचूक करायचं?' या प्रश्नाचं माझं उत्तर एका भागाकारात आहे. खऱ्या गाडीचं माप घ्यायचं आणि चोविसाने भागायचं. जे उत्तर येईल ते डोळ्याला दिसणार असेल तर त्यासाठी वाटेल तेवढा वेळ द्यायचा. दिसणार नसेल तर तो भाग पटकन उरकून पुढे जायचं. या हिशेबाने बांधलेला शेवटचा किट म्हणजे तामिया या जपानी कंपनीची १:२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची) फोक्सवॅगन बीटल १३००, १९६६ मॉडेल.

बीटल या हिशेबाला फार सोयीची. खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २४०० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर १०० मिमी. लांबी ४०७० मिमी, म्हणजे १६९.६. रुंदी १५४०, म्हणजे ६४.२. रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिमी, भागून १५.९. बॉडी आणि चेसिस न चिकटवता नुसते एकमेकांवर बसवून ही मापं आधीच कागदावर लिहून ठेवली, कारण रंग चढल्यावर काही बदलता येत नाही. एक धोक्याची सूचना: अमेरिकन कंपन्यांचे बरेच किट १:२५ असतात. फरक चारच टक्क्यांचा, पण तिथली चाकं १:२४ च्या गाडीला लावली तर १५ इंची रिम १५.२ मिमीची होते आणि गाडीने लहान मापाचे बूट घातल्यासारखी दिसते.

मापांनंतर खऱ्या गाडीचे फोटो. ऑगस्ट १९६५ मध्ये, म्हणजे १९६६ च्या मॉडेलपासून, १२८५ सीसीचं इंजिन आलं, मागच्या झाकणावर '१३००' ची अक्षरं आली, चाकांच्या चकत्यांना गोलाकार खाचा आल्या आणि हबकॅप चपट्या झाल्या. हेडलाइट मात्र अजून तिरप्या काचेखालचेच होते. नव्याने दुरुस्त केलेल्या गाड्यांचे फोटो बघून काम करू नये, त्यांच्यावर दोन-तीन वर्षांचे सुटे भाग एकत्र बसवलेले असतात. त्या काळातले मूळ फोटोच धरावेत. रंग निवडतानाही तेच. त्या वर्षीच्या बीटल साध्या रंगांत यायच्या, मेटॅलिक नाही, आणि हे मॉडेल करणाऱ्याच्या फायद्याचंच आहे. मेटॅलिक रंगातला चमकीचा कण चोविसाने लहान करता येत नाही, तो खऱ्या गाडीवर वाटाण्याएवढा दिसेल असा भास होतो. मी बहामा ब्लूच्या जवळ जाणारी फिकट निळी छटा घरी मिसळली.

सगळे भाग, ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या फ्रेमसकट, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुतले. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या द्रवाचा अंश राहिला तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तिथे मासळीच्या डोळ्यासारखे गोल खड्डे सोडतो. भाग फ्रेमपासून दोन टप्प्यांत कापायचे: पहिला काप लांबून, दुसरा जवळून, आणि उरलेला अर्धा मिमी ४०० च्या वॉटर पेपरने. एकाच कापात अगदी लगत कापलं तर प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि कधी कधी लचका निघतो. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ बीटलच्या मडगार्डच्या गोलाईवर सहज नजरेतून सुटते. बॉडी दिव्याखाली तिरपी धरून नखाने चाचपली की ती सापडते.

रंगाआधी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दारांच्या आणि झाकणांच्या फटींनी, आणि त्यामागचा हिशेब असा. खऱ्या गाडीच्या दाराची फट साधारण ४ मिमी, म्हणजे मॉडेलवर ०.१७ मिमी. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक चकचकीत थर) मिळून ०.१ मिमीचा थर सहज होतो. तो खऱ्या गाडीच्या हिशेबात २.४ मिमी झाला, म्हणजे गाडीला गोधडी पांघरल्यासारखंच. शिवाय हा थर फटीच्या दोन्ही भिंतींवर आणि तळाशी बसतो, आणि फट बुजते. म्हणून प्रायमरच्या आधी प्रत्येक फटीतून स्क्रायबर, म्हणजे रेघ कोरायचं टोकदार हत्यार, पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढून घेतला. जोर लावायचा नाही. जोर लावला की टोक वळणावर घसरतं, आणि बीटलच्या बॉनेटच्या खालच्या टोकाला तर हमखास. तिथे कडक चिकटपट्टीचे दोन थर लावून कड तयार केली आणि तिच्या आधाराने रेघ खोल केली. मडगार्ड आणि बॉडी यांच्या सांध्यात मात्र हे करू नये. तिथे खऱ्या गाडीला बीडिंग (सांधा झाकणारी पट्टी) असतं, खोल काळी फट दिसतच नाही.

मागच्या झाकणावरच्या '१३००' च्या अक्षरांची उंची केसाएवढी. ती नंतर ब्रशने रंगवायला गेलं तर हमखास बरबटतात. त्यामुळे प्रायमरच्या आधीच त्यांच्यावर बेअर-मेटल फॉइलचा चिकट अॅल्युमिनियमचा तुकडा लावला, टूथपिकने प्रत्येक आकड्याच्या कडेने दाबला आणि बाजूचा जास्तीचा फॉइल कापून टाकला. त्यावर प्रायमर आणि रंग नेहमीसारखे मारले. रंग वाळल्यावर, क्लिअरच्या आधी, थिनरमध्ये जेमतेम ओलसर केलेली टूथपिक फक्त आकड्यांच्या माथ्यावरून फिरवली. निळ्यातून आधी १ चं टोक चमकलं, मग ३ ची वरची कमान, मग दोन्ही शून्यं. बाजूचा रंग जागचा हलला नाही. थिनर टपकण्याएवढा असेल तर सगळा पॅच उतरतो, म्हणून टूथपिक आधी टिश्यूवर टेकवायचीच.

प्रायमर आणि रंग दोन्ही लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट वाळणारे. एअरब्रशची (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनची) सुई ०.३ मिमी, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर १० ते १२ सेंमी, रंग एक भाग आणि लॅकर थिनर सव्वा भाग. पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, मधे दहा-दहा मिनिटं थांबून, मग दोन ओलसर हात. कडा आणि फटी आधी, पसरट भाग नंतर. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मी फक्त एअरब्रश धुवायला ठेवतो. रंगात घातला तर कधी कधी प्लॅस्टिक चावतो आणि पृष्ठभाग भेगाळतो. खिडकी उघडी, एक्झॉस्ट पंखा चालू आणि तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क हवाच. कापडी मास्क वाफा अडवत नाही.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. लॅकरचा थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि चकचकीत रंगावर पांढुरकी साय धरते. बॉडीचा दुसरा ओलसर हात मी आर्द्रता ७८ टक्के असताना मारला आणि छप्पर पांढरं पडलं. घासायची घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी एसी दोन तास चालवून आर्द्रता ५५ वर आणली आणि रिटार्डर (वाळणं लांबवणारा घटक) असलेल्या लेव्हलिंग थिनरचा रंगाशिवाय एक पातळ हात मारला. वरचा थर पुन्हा मऊ झाला, अडकलेलं पाणी निघून गेलं आणि निळा परत आला. तेव्हापासून आर्द्रता ६५ च्या वर असली की मी एअरब्रश हातात घेत नाही. त्या दिवशी आतलं काम करतो.

आतलं काम पटकन होतं. काच बसल्यावर दिसतं काय, तर स्टीअरिंग, सीटच्या पाठी, डॅशबोर्ड आणि दारांच्या वरच्या कडा. पायाखालच्या मॅटला मी एक मॅट काळा हात देऊन सोडून दिलं. स्टीअरिंगची कडी मात्र कानशीने बारीक केली. खरी साधारण १६ मिमी धरली तर इथे ०.७ हवी, आणि ही जाडी काचेतूनही डोळ्यात भरते. सीटना सेमी-ग्लॉस. पूर्ण चकचकीत सीट खेळण्यातली वाटते. स्पीडोमीटरच्या डिकलवर (छापील चिकटचित्रावर) क्लिअरचा एक थेंब सोडला की काच झाली.

क्लिअरचे तीन हात दिले आणि दहा दिवस बॉडीला हात लावला नाही. वाळलं की नाही हे नाकाला कळतं: जवळ धरून वास आला तर अजून थिनर आत आहे. खऱ्या गाडीच्या रंगावरही संत्र्याच्या सालीसारखी बारीक लहर असते, पण ती चोविसाने भागली की काही उरत नाही. त्यामुळे मॉडेलचा पृष्ठभाग खऱ्या गाडीपेक्षा सपाट हवा. उठावाच्या कडांवर टेप लावून पाण्यासोबत ४०००, ६००० आणि ८००० चे मायक्रोमेश (अतिबारीक घासकापड), मग फाइन आणि फिनिश कंपाउंड (पॉलिशची पेस्ट). कडेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच आतला रंग वर येतो. मग फटींमध्ये इनॅमलचा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, सोडला, पण काळा नाही. फिकट निळ्यावर काळी रेघ चित्रकथेतल्या गाडीसारखी दिसते, गडद राखाडी पुरते. जास्तीचा वॉश लायटर फ्लुइडच्या ओलसर कापसाने पुसला.

बाजूच्या क्रोम पट्ट्यांना पुन्हा तेच फॉइल, दर पट्टीला नवं ब्लेड. बोथट ब्लेड फॉइल कापत नाही, फाडतं. क्रोम केलेल्या बंपरच्या चिकटवायच्या जागा खरवडून घ्याव्या लागतात, कारण सिमेंट, म्हणजे मॉडेलचा गोंद, प्लॅस्टिक विरघळवून जोडतं आणि क्रोमला धरत नाही. काचा आणि हेडलाइटच्या भिंगांना सुपरग्लू चुकूनही नाही, त्याच्या वाफेने काच कायमची धुरकट होते. पारदर्शक वाळणाऱ्या फेव्हिकॉलचा टूथपिकभर थेंब भरपूर झाला, आणि चुकलं तर ओल्या कापडाने पुसताही येतं.

चाकं चिकटवली ती गाडी जाड काचेवर ठेवून. चारही टायरखालून कागदाची पट्टी ओढली. मागची उजवी पट्टी सहज सरकली, म्हणजे ते चाक हवेत होतं. सिमेंट ओलं असतानाच एक्सल दाबून गाडीवर वजन ठेवलं आणि रात्रभर सोडलं. बीटलला मागे स्विंग एक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंनी वर-खाली झुलणारा एक्सल, असतो, त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची चाकं वरच्या बाजूला किंचित बाहेर कललेली दिसतात. तो कल जपला. चाकं अगदी काटकोनात लावली की बीटलचं बसणंच हरवतं. सकाळी व्हीलबेस मोजला, १००.१ भरला.

शेवटचा भाग एरियलचा. किटमधले एरियल बहुधा साच्याच्या मर्यादेमुळे जाड असतात. ०.६ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर १४ मिमीचा गज. त्याऐवजी वाद्यांच्या दुकानातून सतारीच्या चिकारीची पोलादी तार आणली, ०.२ मिमीच्या आसपासची. भागाकार उलटा केला तर जेमतेम ५ मिमी. डाव्या बाजूला ०.३ मिमीच्या ड्रिलने हाताने भोक पाडलं, तार खालून आत घातली आणि आतल्या बाजूने फेव्हिकॉलचा थेंब दिला.