आईच्या गोळ्या आणि नवी चाचणी

पहिला घास घ्यायच्या आधी आईची मूठ सेव्हेलामरच्या, म्हणजे जेवणातलं फॉस्फेट (फॉस्फरसचं रूप) पोटातच बांधून ठेवणाऱ्या गोळ्यांनी भरलेली असते. डायलिसिस चालू असूनही तिच्या रक्तातलं फॉस्फरस ७ च्या खाली यायला तयार नाही.

डॉक्टरांनी नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलबद्दल विचारलं. संमतिपत्रातली एक ओळ मला टोचली: आधी काही आठवडे चालू गोळ्या बंद. याला वॉशआउट म्हणतात. जुन्या औषधाचा असर उतरल्याशिवाय नव्याचं काम कळत नाही, हे पटतं. पण त्या काळात फॉस्फरस चढणारच ना! किती चढलं की आईला ट्रायलमधून बाहेर काढणार, तो आकडा मी विचारून लिहून घेतला. तुम्हीही घ्या. मगच आईने सही केली.

टेनापॅनॉर या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांचं फॉस्फरस उतरवण्यासाठी मान्यता मिळाली, ती अशा सह्या करणाऱ्या रुग्णांमुळेच. सेव्हेलामरसारखं ते फॉस्फेटला बांधून ठेवत नाही, आतड्यातून रक्तात शिरायची वाटच अरुंद करतं. जुलाब मात्र अनेकांना होतात. बहुतेक चाचण्या रक्तातला आकडा किती उतरला तेवढंच मोजतात. आकडा उतरल्याने माणूस जास्त जगतो का, हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि मला तर तेच हवंय.